खाटेवरचं मरण कोण लिहिणार?

आपल्या पानांवर माणसं खूप मरतात. कुठलाही जुना अंक काढून बघा. पोलिसाच्या गोळीनं मरतात, गावगुंडाच्या कुऱ्हाडीनं मरतात, गटारात उतरून गुदमरून मरतात. १९७८ साली नामांतरासाठी पोचीराम कांबळे गेला. ११ जुलै १९९७ ला रमाबाई नगरात गोळीबार झाला, दहा माणसं गेली. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातली चार माणसं संपवली. यावर आपण कविता लिहिल्या, भिंती रंगवल्या, मोर्चे काढले. ते लिहायलाच हवं होतं. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

तक्रार वेगळी आहे. आपली बहुतेक माणसं अशी मरत नाहीत. ती खाटेवर मरतात. झोपडीच्या मागच्या पत्र्याला लावून टाकलेल्या खाटेवर. सरकारी दवाखान्यात दोन कॉटांच्या मधल्या जमिनीवर. परळला कॅन्सरच्या इस्पितळाबाहेरच्या फुटपाथवर. तोंडाच्या नाहीतर गर्भपिशवीच्या कॅन्सरनं, टीबीनं, लकव्यानं, दारूनं सडलेल्या लिव्हरनं. एका रात्रीत नाही, तर तीन महिन्यांत, सहा महिन्यांत, कधी दोन वर्षांत. या मरणाला घोषणा नाही. याचा कुणी आरोपी नाही, एफआयआर नाही. म्हणून की काय, याला कविताही नाही. मी हे आपल्या साहित्याचं अपयश समजतो, आणि ते साहित्यापुरतं थांबत नाही असं माझं म्हणणं आहे.

आधी पुस्तकं बघू.

अण्णा भाऊंची 'स्मशानातील सोनं' घ्या. खाणीतलं काम सुटलेला भीमा रात्री मढी उकरून सोनं शोधतो. कोल्ह्यांशी झुंजतो. शेवटी मढ्याच्या जबड्यात त्याची बोटं अडकतात आणि तो जन्माचा अधू होतो. मेलेला माणूस जित्या माणसाच्या पोटाला कसा लागतो, हे इतक्या उघडपणे मराठीत दुसऱ्या कुणी सांगितलं? दया पवारांचं 'बलुतं' १९७८ चं. तिथं गावकीच्या कामांत मयताची खबर घेऊन गावोगाव पळणारा महार भेटतो. बाबुराव बागुलांनी १९६९ ला संग्रहाला नावच दिलं 'मरण स्वस्त होत आहे'. तिघेही आपले थोर लेखक. पण भीमा आणि तो खबर नेणारा महार, दोघांकडे नीट बघा. आपला माणूस मरणाच्या गोष्टीत शिरतो तो श्वास थांबल्यावर. त्याच्या आधी खाटेशी कोण होतं? ढुंगण कुणी धुतलं? रात्री पाणी कुणी दिलं? तिथं पान कोरं आहे.

अपवाद बायकांनी केला. बेबी कांबळेंनी 'जिणं आमुचं'मध्ये पहिलटकरणींची बाळंतपणं लिहिली. पोटात अन्न नाही, अंगाखाली चिंधी नाही, आणि अडाणी हातांच्या खटपटीत कोवळ्या पोरी कशा मेल्या, ते त्यांनी खाटेजवळ बसून लिहिलं. पुरुष लेखक वेशीवर उभा होता. त्या आत होत्या. आपल्या समीक्षकांनी या पुस्तकाला 'स्त्रीची व्यथा' असं लेबल लावलं आणि फडताळात ठेवलं. खरं तर दलित साहित्यात मरणाच्या जवळ बसायची वाट या बाईनं दाखवली होती. आपण त्या वाटेनं गेलो नाही.

आता प्रस्थापितांकडे वळू. त्यांनी मरणावर भरपूर लिहिलं. १९७० चं 'नटसम्राट' बघा. लेकरांनी लाथाडलेला म्हातारा नट शेवटी कुणाच्या आसऱ्याला येतो? बूटपॉलिश करणाऱ्या राजाच्या. प्रेक्षक आप्पांसाठी रडतात. रडावं, माणूस आहे. पण त्या राजाच्या बापाचं मरण कसं झालं असेल, हे थेटरातून बाहेर पडताना कुणाच्या मनात येतं? गरिबानं सेवा करायची आणि शोकांतिका मोठ्या माणसाची व्हायची, अशी ही वाटणी आहे. १९७१ चा 'आनंद' सिनेमा घ्या. नायकाला आतड्याचा कॅन्सर. हसतो, गातो, सगळ्यांना लळा लावतो, जातो. पडद्यावर ओकारी नाही, घाण नाही, वास नाही. आतड्याचा कॅन्सर ज्यानं घरात पाहिलाय त्याला विचारा. आणखी एक थोर परंपरा आहे स्वेच्छेनं अन्न सोडण्याची. नोव्हेंबर १९८२ मध्ये विनोबांनी पवनारला अन्न, पाणी, औषध सोडलं आणि देह ठेवला. देश नतमस्तक झाला. सोडायला आधी ताट पुढ्यात असावं लागतं. आमच्या आज्या उपाशीच मेल्या, त्याला कुणी व्रत म्हटलं नाही.

एवढं दुसऱ्यांवर बोललो. आता स्वतःचं सांगतो, नाहीतर हा लेख लिहायचा मला हक्क नाही.

माझी आत्या एका मोठ्या सरकारी इस्पितळात आया होती. सत्तावीस वर्षं. भांडं देणं, भांडं काढणं, चादरी बदलणं, पाठ पुसणं, मेल्यावर हातपाय सरळ करणं आणि जबडा बांधणं. सिस्टर तिला मावशी म्हणायच्या, पेशंट मावशी म्हणायचे, डॉक्टर काहीच म्हणायचे नाहीत. तिला जे ठाऊक होतं ते मी कुठल्या पुस्तकात वाचलं नाही. दर दोन तासाला कूस बदलली नाही तर पाठीला जखमा पडतात. टाचेखाली कापडाची चुंबळ ठेवायची. चादरीला वळी पडू द्यायची नाही. आणि ती सांगायची, "मरतं मानूस पानी मागतंय म्हनून वाटी तोंडात वतू नगं रं बाबा. गिळायचं इसरल्यालं असतंय त्ये. पानी छातीत जातं. कापूस भिजीव, व्हट पूस." आख्ख्या देशात मरणाऱ्याच्या तोंडात गंगा ओतण्याची चाल, आणि ही न शिकलेली बाई सांगते की त्यानं जीव गुदमरतो.

तिच्या वॉर्डात एक म्हातारा होता. आल्या दिवशी त्यानं तिची जात विचारली आणि तिच्या हातचं पाणी नाकारलं. शेवटच्या आठवड्यात मात्र तो 'मावशी, मावशी' करून तिलाच हाक मारायचा. तिच्याच हातनं पाणी घ्यायचा. एखाद्या पांढरपेशा मासिकात यावर छान कथा झाली असती. मरणाच्या दारात जात कशी विरघळली वगैरे. मी आत्याला तसं म्हणालो होतो. ती म्हणाली, "जात न्हाय इरघळली. ताकद संपली हुती त्येची." या एका वाक्यात जेवढी समीक्षा आहे तेवढी आपल्या अर्ध्या परिसंवादांत नसते.

रिटायर झाल्यावर तिलाच पित्ताशयाचा कॅन्सर निघाला. दाखवायला उशीर झाला होता. जिथं सत्तावीस वर्षं घालवली तिथूनच सांगितलं की आता करण्यासारखं काही नाही, घरी घेऊन जा. कागदावर गोळ्या लिहिल्या. त्या तापाला देतात तसल्या. दहा बाय बाराच्या खोलीत ती चार महिने होती. रात्री वरडायची. नंतर वरडायचीही थांबली, नुसती दात खायची. मॉर्फिन नावाचं औषध असतं हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. तिची सून चार घरची धुणीभांडी करायची, ती कामं सुटली. चार महिने ती पोरगी सलग दोन तास झोपली नसेल. आणि मी? मी कार्यकर्ता. मी जयंतीच्या वर्गणीत होतो, शिबिरात होतो, एका निषेध सभेत भाषण करत होतो. मयताला मात्र वेळेवर पोचलो. त्रिशरण पंचशील म्हणायला सगळ्यात पुढं मीच. आत्या २०११ ला गेली.

म्हणजे भीमाचं आणि त्या खबर नेणाऱ्या महाराचं जे, तेच माझं. मीही श्वास थांबल्यावर पोचलो.

आता मुद्द्यावर येतो. मरणाऱ्याची सेवा बरी की वाईट, हे कशावर ठरवायचं?

जगानं यावर तक्ते काढलेत. 'इकॉनॉमिस्ट'च्या संशोधन विभागानं २०१० ला चाळीस देशांचा 'मरणाच्या दर्जा'चा तक्ता काढला. ब्रिटन पहिला, भारत चाळिसावा. म्हणजे शेवटचा. २०१५ ला ऐंशी देश घेतले, तेव्हा भारत सदुसष्टावा. त्यांनी औषधं मोजली, डॉक्टर-नर्स मोजले, खर्च मोजला, धोरणं मोजली, समाजाचा सहभाग मोजला. मोजायलाच हवं. पण जातीचा रकाना नव्हता. लंडनला १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस काढणाऱ्या सिसिली सॉन्डर्स बाईंचं काम मी मानतो. नर्स, मग समाजसेविका, मग डॉक्टर, असा त्यांचा प्रवास. मरणाऱ्याचं दुखणं नुसतं हाडामांसाचं नसतं, ते मनाचं असतं, समाजातलं असतं, आणि जगण्याच्या अर्थाचंही असतं, अशी त्यांची मांडणी. चारी बाजूंनी एकच दुखणं. हे खरं आहे. पण आपल्याकडं या चारांतून जाणारं पाचवं दुखणं आहे. नर्सनं आडनाव विचारलं की अंग आक्रसणारं दुखणं. शेजारच्या कॉटवाल्यानं पडदा ओढून घेतला की होणारं दुखणं. त्यावर मॉर्फिन चालत नाही.

आणि मॉर्फिन तरी कुठं आहे? गंमत बघा. अफू सरकारी परवान्यानं पिकते नीमच-मंदसौरकडं, राजस्थानात, उत्तर प्रदेशात. सरकारी कारखाने गाझीपूरला आणि नीमचला. इथली अफू परदेशाच्या औषधाला गेली. १९८५ ला अमली पदार्थांचा कायदा आला आणि परवान्यांची अशी गुंतवळ झाली की दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. गोळी महाग नाही, स्वस्त आहे. पण दुखणाऱ्यापेक्षा चोराची काळजी कायद्याला जास्त. २०१४ ला दुरुस्ती झाली, परवाने एका ठिकाणी आले. आत्या तीन वर्षं आधी गेली होती. कायदा सुधारल्यावर गोळी तालुक्याच्या दवाखान्यात आपोआप येत नाही. ती लिहिणारा डॉक्टर लागतो, ठेवणारा दवाखाना लागतो, मागणारा माणूस लागतो. आपण मागितली का कधी? आपल्या कुठल्या मोर्चाच्या निवेदनात 'मॉर्फिन' हा शब्द होता?

मागितलं तर काय होतं ते केरळनं दाखवलं. १९९३ ला कोझिकोडला डॉ. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी बारीकसं केंद्र सुरू केलं. २००१ पासून वस्तीवस्तीतली साधी माणसं त्यात आली. २००८ ला सरकारचं धोरण झालं आणि पंचायतीच्या मार्फत नर्स घरी जाऊ लागली. महाराष्ट्राचंही धोरण आहे, २०१२ चं. मुंबईला वांद्र्यात शांती आवेदना १९८६ पासून आहे. पुण्याला वारज्यात सिप्लाचं केंद्र १९९७ पासून आहे. दादरची गाडगेबाबांची धर्मशाळा कॅन्सरच्या पेशंटला आणि नातेवाइकाला आसरा देते. अंगठा न टेकता शहाणा झालेल्या त्या माणसाला कळलं होतं की रोग्याला आधी निजायला जागा लागते. पण ही सगळी शहरं झाली. महात्मा फुल्यांच्या नावाची आरोग्य योजना आहे, ती इस्पितळातल्या यादीतल्या उपचारांना पैसे देते. घरात रात्री कूस कोण बदलणार, हे त्या यादीत नाही.

सर्वोच्च न्यायालयानं ९ मार्च २०१८ ला सन्मानानं मरण्याचा हक्क मानला. आपली शेवटची इच्छा आधी लिहून ठेवता येईल, नळ्या-यंत्रांना नकार देता येईल. २०२३ ला ती पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार, नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. चांगलं झालं. पण निकालातली भाषा यंत्रावर ठेवलेल्या माणसाची आहे. आमच्या माणसाला यंत्रापर्यंत कुणी नेलंच नाही. त्याला 'घरी घेऊन जा' म्हटलं. यंत्र काढायचा हक्क मिळाला, वेदना काढायचा हक्क कुठल्या नोटरीकडं मागायचा?

आणि 'सन्मान' म्हणताना भांडं काढणाऱ्या हाताचा सन्मान त्यात धरलाय का? सफाई कामगार मेला किंवा रिटायर झाला की लाड-पागे समितीच्या शिफारशीनं त्याच्या वारसाला ती नोकरी लागते. पोटासाठी ती लागतेच, मी तिच्या विरोधात नाही. पण बाप खाटेवर असताना घरात कुणाच्या नावावर झाडू येणार याची चर्चा चालते, हे कुणी लिहिलंय? आता तर बहुतेक ठिकाणी कंत्राट आलं. पीएफ नाही, कधी हातमोजेही नाहीत. २०२०-२१ च्या साथीत नातेवाइकाला वॉर्डात बंदी होती, तेव्हा कित्येकांचा शेवटचा श्वास वॉर्डबॉय आणि आयाबाईनं पाहिला. लोकांनी थाळ्या वाजवल्या. पगार वाजवून दिला नाही.

मग मोजमाप कुठलं घ्यायचं? आपल्या घरात आहे, आपण वाचत नाही.

विनयपिटकात महावग्गात एक प्रसंग आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात तो मुद्दाम घेतलाय. एक भिक्खू पोटाच्या विकारानं आपल्याच घाणीत पडलेला असतो. बुद्ध आनंदाबरोबर फिरत तिथं येतात. सेवा करायला कुणी का नाही, म्हणून विचारतात. तो सांगतो की मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगाचा नाही, म्हणून ते माझं करत नाहीत. बुद्ध आनंदाला पाणी आणायला लावतात. स्वतः पाणी ओततात, आनंद धुतो. एक डोक्याकडून, एक पायाकडून धरून त्याला उचलून बिछान्यावर ठेवतात. मग संघ बोलावून सुनावतात की इथं तुमचे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांचं केलं नाही तर कोण करील. आणि माझी सेवा करायची तर रोग्याची करा. लक्षात घ्या, धुण्यासाठी कुणा भंग्याला बोलावलं नाही.

त्याच ठिकाणी सेवा करणाऱ्याचे पाच गुण दिलेत. त्याला औषध तयार करता यावं. काय मानवतं, काय मानवत नाही ते कळावं. लोभानं नव्हे तर मैत्रीच्या मनानं करावं. मलमूत्र, थुंकी, ओकारी काढताना किळस वाटू नये. आणि वेळोवेळी धम्माचे चार शब्द बोलून रोग्याला धीर द्यावा. यापुढंही एक गोष्ट आहे. भिक्खू मेला तर त्याचं पात्र आणि तीन चीवरं त्याची सेवा करणाऱ्यांना द्यायची, कारण त्यांचे उपकार फार.

हे वाचलं आणि माझ्या अंगावर काटा आला. गावगाड्यात आपल्यालाही मयताचं कापड मिळायचं. मढ्यावरचं. तो आपला 'हक्क' म्हणे. खबर न्यायची, सरणाची लाकडं फोडायची आणि कापड उचलायचं. पण तोच माणूस जिता असताना त्याच्या खाटेशी जायची आपल्याला बंदी. १९५८ च्या कायद्यानं वतन गेलं, कापड गेलं, बरं झालं. पण दोन कापडांतला फरक विसरू नका. गावानं दिलेलं कापड विटाळाचं होतं. संघानं दिलेलं चीवर उपकार मानून दिलेलं होतं. आत्याच्या सुनेला यातलं कुठलंच मिळालं नाही.

ते पाच गुण घेऊन मी आत्याचे चार महिने तपासले. औषध: इस्पितळानं दिलं नाही. काय मानवतं ते: आत्यानं स्वतः सुनेला शिकवलं. मैत्री आणि किळस नसणं: त्या अंगठेबहाद्दर पोरीकडं भरपूर. धम्माचे चार शब्द: ते माझं काम होतं, आणि मी सभेत होतो. ही माझी मार्कशीट.

आणि ही एकट्या माझी नाही. जोतिबांना १८८८ ला लकवा झाला, उजवी बाजू गेली. डाव्या हातानं त्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म' लिहून काढला, हे आपण अभिमानानं सांगतो. २८ नोव्हेंबर १८९० पर्यंत त्यांच्या खाटेशी सावित्रीबाई होत्या. त्या दिवसांवर आपली किती भाषणं, किती कविता? प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर पाठीवर घेऊन दवाखान्यात आणणारी आणि त्यातच १० मार्च १८९७ ला गेलेली हीच बाई. आपण तिला शाळेच्या फळ्यासमोर उभं करतो, ते योग्यच. पण तिच्या पाठीवरचं ते पोर आपण खाली उतरवून ठेवलंय.

म्हणून लिहिणाऱ्या मित्रांना सांगायचंय: मोर्चावर लिहा, गोळीबारावर लिहा, पण आता खाटेवरही लिहा. वास लिहा. आईचं लुगडं बदलताना पोराला वाटणारी लाज लिहा. नाईट ड्यूटीची आयाबाई पहाटे चारला जिन्यात बसून चहा पिते ते लिहा. तिला करुणेची देवी करू नका. तिचा पगार किती, तो लिहा. 'हे काय साहित्य झालं?' असं कुणी म्हणालं तर समजा की तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंय. झोपडपट्टीवर, भुकेवर, शिवीवर आपण लिहिलं तेव्हाही हेच म्हणाले होते.

आणि कार्यकर्त्यांना: तुमच्या वस्तीत आज कोण खाटेवर आहे, माहीत आहे का? मंडळाच्या वहीत वर्गणीदारांची नावं असतात, त्याच वहीच्या मागच्या पानावर ही नावं लिहा. पाळी लावा, म्हणजे घरातल्या बाईला एक रात्र झोप मिळेल. जिल्हा इस्पितळात जाऊन मॉर्फिन आहे का विचारा, नसेल तर का नाही ते लेखी मागा. २०१२ च्या धोरणाची नर्स आपल्या वस्तीत कधी येणार, ते नगरसेवकाला विचारा. कंत्राटी आयांच्या संपाला पाठिंब्याचं पत्र द्या, आणि पत्रासोबत माणसंही पाठवा.

आत्याची सून अजून त्याच खोलीत आहे. मागच्या महिन्यात शेजारच्या म्हाताऱ्याला लकवा झाला. त्याची लेक रडत हिच्याकडं आली. ही गेली आणि तिला कूस बदलायला शिकवलं, टाचेखाली चुंबळ ठेवायला शिकवलं, कापसानं ओठ पुसायला शिकवलं. या वेळी मी गावात होतो. म्हाताऱ्याला पायाकडून मी धरलं.